रात्री पोट दुखतंय आणि कारण कळत नाही: काय करायचं, कोणत्या क्रमाने

रात्री दीड-दोनला पोट दुखायला लागलं की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी हाताला लागेल ती गोळी, मग "संध्याकाळी काय खाल्लं होतं?" याची उजळणी, मग मोबाइलवर शोधाशोध. हे काही साधं नसावं, ही शंका येते पहाटेच्या सुमाराला. हा क्रम उलटा आहे. गोळी घेऊन झाल्यावर दुखणं कसं होतं हे नीट सांगता येत नाही, आणि ज्या मोजक्या आजारांत तासाला किंमत असते त्यांत तोवर दोन-तीन तास गेलेले असतात.

रात्री निदान करायच्या मागे लागू नका. डॉक्टरांनाही तपासण्यांशिवाय ते अनेकदा जमत नाही. आत्ता निघायचं की सकाळपर्यंत थांबता येईल, एवढा एकच निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे. खालचे टप्पे त्यासाठी आहेत आणि ते याच क्रमाने घ्यायचे आहेत. लेख मुख्यतः मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## आधीची तयारी

असं दुखणं एकदा येऊन गेलं असेल तर ही तयारी दिवसाच करून ठेवा. दुखत असताना कपाट उपसायला लावू नका, स्वतःला किंवा घरच्यांना.

एका कागदावर आपले जुने आजार, झालेली ऑपरेशनं, रोजची औषधं, ती किती मिलिग्रॅमची आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे लिहून ठेवा. औषधांत लोहाच्या गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि वजन किंवा साखर कमी करणारी इंजेक्शनं लिहायला लोक हमखास विसरतात. यांतली बरीचशी औषधं पोटदुखीशी थेट संबंधित असतात. उदाहरणार्थ, वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे रात्रीचं जेवण तासन्‌तास पोटात राहू शकतं.

थर्मामीटर, गरम पाण्याची पिशवी, पॅरासिटामॉल आणि साधं अँटासिड एका डब्यात ठेवा. आपत्कालीन सेवेचा नंबर फोनमध्ये साठवा. रात्री चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे कोण घेऊन जाईल, हेही ठरवून ठेवा. एकटे राहत असाल तर रात्री फोन करता येईल अशा एका माणसाला आधीच सांगून ठेवा. "उगाच कशाला त्रास" हा संकोच रात्री फार महागात पडतो.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं, फक्त धोक्याच्या खुणा बघा

उठून बसा, दिवा लावा. अंधारात पडल्या पडल्या अंदाज बांधू नका. गोळी अजून घ्यायची नाही.

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर पुढचे टप्पे सोडा, थेट टप्पा ५ वर जा आणि निघा:

- दुखणं अचानक सुरू होऊन काही मिनिटांतच असह्य झालं आहे.
- पोट कडक झालं आहे, हात लावू देत नाही, खोकलं किंवा कूस बदलली तरी कळ येते.
- उलटीत रक्त आहे किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही पडतंय. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होतेय किंवा लाल रक्त पडतंय.
- पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत आणि शौचही नाही, वातही सरत नाही. उलटी हिरवी असेल तर अजिबात थांबू नका.
- चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, दरदरून घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत.
- वरच्या पोटात दाब वाटतोय आणि सोबत धाप, घाम, छातीत, जबड्यात किंवा हातात दुखणं आहे.
- दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आहे किंवा डोळे पिवळे दिसताहेत.
- लघवी तुंबली आहे, ओटीपोट ताठ झालंय.
- जांघेतला किंवा बेंबीचा हर्निया एरवी आत जायचा, तो आज आत जात नाही आणि दुखतोय.

यातल्या हृदयाच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण घोटाळा सगळ्यात जास्त तिथेच होतो. हृदयविकाराचा झटका दर वेळी छातीत डाव्या बाजूला कळ घेऊन येत नाही. मधुमेह असलेल्यांत, स्त्रियांत आणि वयस्कर माणसांत तो "गॅस झालाय", "वरच्या पोटात जड वाटतंय", "मळमळतंय" अशा रूपात येऊ शकतो. अँटासिड घेतल्यावर बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असं ठरत नाही. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल आणि असं वरच्या पोटातलं दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, तर ईसीजी काढून घ्या. तो नॉर्मल आला आणि रात्र वाया गेली तरी काही बिघडत नाही.

काही जणांसाठी उंबरठा खाली आणा. म्हणजे यादीतली खूण स्पष्ट दिसायची वाट बघू नका.

पाळी चुकली असेल किंवा गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शंका आधी दूर व्हायला हवी. सोबत खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर पोटात रक्त साचत असू शकतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बरगड्यांखाली दुखणं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके दिसणं हेही तातडीचंच.

मुलगा किंवा तरुण ओटीपोटात दुखतंय म्हणाला तर अंडकोषात दुखतंय का, सूज आहे का, हे स्पष्ट विचारा. लाजून तो "पोटात" एवढंच सांगतो. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तासच हातात असतात.

तान्हं बाळ थोड्या थोड्या वेळाने किंचाळून पाय पोटाशी घेत असेल आणि मधल्या वेळात मलूल पडत असेल, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. शौचातून लालसर, बुळबुळीत पडायची वाट बघू नका. ते उशिरा दिसतं.

सत्तरीपुढच्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना आत मोठा बिघाड असूनही ताप नसतो आणि पोटही मऊ लागतं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या वयस्कर माणसाला भयंकर दुखतंय, पण पोट दाबून काहीच सापडत नाही, अशी स्थिती आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची असू शकते. "हात लावला तर काही लागत नाही, म्हणजे नाटक करताहेत" हा निष्कर्ष इथे जिवावर बेततो.

इन्सुलिनवरच्या मधुमेह्याला पोटदुखी, उलट्या आणि खोल-जलद श्वास असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. ती खूप वाढलेली असेल तर निघा. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## टप्पा २: दुखणं बघा, मोजा, लिहा

धोक्याची खूण नाही असं दिसलं तर आता दहा मिनिटं दुखण्याकडे लक्ष द्या. घड्याळ बघून वेळ लिहा. हे फोनवरही चालेल.

जागा. सगळ्यात जास्त कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवता येतं का? की पूर्ण तळवा फिरवावा लागतो? एका बोटावर येणारं दुखणं आणि सगळीकडे पसरलेलं दुखणं यांचा अर्थ वेगळा असतो. तासाभराने जागा बदलली का, तेही महत्त्वाचं.

चाल. कळ येते-जाते की एकसारखं दुखतंय? हळूहळू वाढलं की झटक्यात?

हालचाल. माणूस गडबडा लोळतोय, कशातच चैन नाही, की हलायलाच घाबरतोय? हा फरक पाहायला कसलंही यंत्र लागत नाही, आणि डॉक्टर खोलीत शिरताच आधी तोच पाहतात. मूतखड्याचा रुग्ण येरझाऱ्या घालतो. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडून राहतो.

सोबत काय. उलटी, जुलाब, लघवीला जळजळ, आंबट पाणी वर येणं, ताप. तापमान मोजून लिहा, कपाळाला हात लावून नको. शेवटचं जेवण किती वाजता झालं, शेवटची शौच कधी झाली, पाळीचा कितवा दिवस, आज कोणती औषधं घेतली.

तपासा: चवड्यांवर उभे राहा आणि टाचा हलक्याने जमिनीवर आपटा, किंवा एकदा खोका. पोटात एका ठरावीक जागी कळ उठली, विशेषतः उजवीकडे खाली, तर ती दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. आज रात्रीच दाखवा.

पोट पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. घरातल्या प्रत्येकाने येऊन दाबून बघणं तर नकोच.

काही ठेवणी ओळखीच्या असतात. त्या डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतात, स्वतःवर शिक्का मारायला नाहीत. अपेंडिक्सचं दुखणं अनेकदा बेंबीभोवती अस्पष्ट सुरू होतं आणि १२ ते २४ तासांत उजव्या बाजूला खाली उतरतं, भूक मरते. पित्ताशयातल्या खड्यांची कळ वरच्या पोटात किंवा उजव्या बरगड्यांखाली येते, बऱ्याचदा रात्रीच, आणि उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. ती अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकून उतरते. पाच-सहा तासांनंतरही उतरली नाही तर पित्ताशयाला सूज आल्याची शंका घ्यावी लागते. स्वादुपिंडाचं दुखणं वरच्या पोटातून सरळ पाठीत जातं आणि पुढे वाकून बसल्यावर थोडं सैल पडतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर रात्री बारा ते तीनच्या दरम्यान झोपेतून उठवतो आणि काही खाल्लं की शमतो. जठरात आम्ल रात्रीच्या पहिल्या प्रहरांत जास्त तयार होतं, हे त्याचं एक कारण. छातीच्या मधोमध जळजळ, आडवं झालं की वाढणारी आणि बसलं की कमी होणारी, ती बहुधा आम्ल वर येण्याची.

पट्ट्यासारखी एकाच बाजूला आग होत असेल, कातडीला कपडा लागलेलाही सहन होत नसेल, तर नागिणीचे फोड दोन-चार दिवसांनी दिसू शकतात. पोट बिचारं निर्दोष असतं.

इथे एक प्रश्न स्वतःला नीट विचारा: दुखण्यामुळे जाग आली, की जाग आल्यावर दुखणं जाणवलं? बहुतेक लोक दोन्हीला "रात्री पोट दुखतं" एवढंच म्हणतात. आतड्याच्या संवेदनशीलतेमुळे होणारा त्रास, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, तो गाढ झोपेतून सहसा उठवत नाही. जागं असताना मात्र तो छळतो, आणि रात्री लक्ष वळवायला दुसरं काही नसल्याने जास्तच छळतो. गाढ झोप मोडणारं दुखणं वारंवार येत असेल तर आयबीएसवर समाधान मानू नये, पुढे तपासावं. म्हणून हे उत्तर लिहून ठेवा. सकाळी ते आठवत नाही.

## टप्पा ३: आराम द्या, पण या क्रमाने

आधी बिनऔषधाचे उपाय, मग औषध, आणि तेही एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

३.१ स्थिती बदला. घट्ट नाडी, पट्टा, इलॅस्टिक सैल करा. जळजळ असेल तर बसा किंवा डाव्या कुशीवर, डोकं आणि छाती दोन्ही वर राहतील असे टेका. नुसत्या उशा रचल्या तर मान वाकते आणि पोट दुमडून आम्ल उलट जास्त वर येतं. मुरडा असेल तर गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपा. शौचाला लागल्यासारखं वाटत असेल तर जाऊन या, पण कुंथू नका.

३.२ शेक. मुरडा आणि पाळीच्या दुखण्याला शेकाने खरंच आराम पडतो. पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मग बाजूला. पिशवी पोटावर घेऊन झोपी जाऊ नका, कातडी भाजते आणि मधुमेहात बधिरपणामुळे ते कळतही नाही. ताप असेल, एका जागी दाबल्यावर दुखत असेल किंवा अपेंडिक्सची शंका असेल तर शेक नको. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटावर शेक घेऊ नका.

३.३ पोटाला विश्रांती. खाणं नको. पाणी घोट घोट. उलट्या होत असतील तर दर पाच मिनिटांनी चमचा-दोन चमचे, आणि जुलाबही असतील तर क्षारसंजीवनी त्याच पद्धतीने. तहान लागली म्हणून एकदम पेलाभर प्यायलं की तेवढंच उलटून पडतं.

३.४ औषध. ॲलर्जी किंवा यकृताचा आजार नसलेल्या मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम घेता येतं. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, आणि २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर मर्यादा याहून खाली, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेही हिशेबात धरा. मुलांना डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

"पेनकिलर घेतली तर डॉक्टरांना निदान करता येणार नाही" ही भीती जुनी आहे. आता रुग्णालयात तपासणी चालू असतानाच वेदनाशामक दिलं जातं. अट एवढीच की काय घेतलं, किती घेतलं आणि किती वाजता, हे लपवायचं नाही. आणि गोळीने दुखणं कमी झालं म्हणून धोक्याच्या खुणांकडे डोळेझाक करायची नाही.

फक्त जळजळ, आंबट ढेकर अशी लक्षणं असतील तर पॅरासिटामॉलऐवजी अँटासिड घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते विचारूनच. पाण्यात फसफसणाऱ्या अँटासिडमध्ये सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळावं. इतर औषधं आणि अँटासिड यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधांकडून रात्री दोन वाजता चमत्काराची अपेक्षा करू नका. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असतात आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

सावधान, हे रात्री घेऊ नका:

- आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन. कारण माहीत नसलेल्या पोटदुखीत यांनी अल्सर चिघळू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी हृदयासाठी लावलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. मुलांना ॲस्पिरिन देऊच नये.
- पोट साफ करणारं रेचक किंवा एनिमा. "पोट साफ झालं की थांबेल" हा सल्ला आतडं अडलेलं असताना किंवा अपेंडिक्स सुजलेलं असताना आतडं फुटण्यापर्यंत नेऊ शकतो.
- ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणारं लोपेरामाइड.
- दुसऱ्या कुणाला लिहून दिलेली मुरड्याची गोळी. डायसायक्लोमाइन, हायोसिन यांनी काचबिंदू आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्यांना त्रास होतो, लघवी तुंबू शकते.
- उरलेलं प्रतिजैविक. एका डोसाने आजार बरा होत नाही, चित्र मात्र धूसर होतं.
- मद्य. "थोडंसं घेतलं की झोप लागेल" वगैरे काही नाही.

## टप्पा ४: तासाने पुन्हा बघा

हाच टप्पा सर्रास वगळला जातो. गोळी घेतली, डोळा लागला, संपलं. फोनवर एका तासाचा गजर लावा. सोबतीला कुणी असेल तर त्यांनाही सांगा.

गजर झाल्यावर तीन गोष्टी बघा. दुखणं ० ते १० मध्ये आधी किती होतं आणि आता किती? जागा तीच आहे का? टप्पा १ मधली एखादी खूण नव्याने आली का?

कमी होत असेल तर झोपा, दोन तासांनी पुन्हा एकदा बघा. तेवढंच असेल आणि सहन होत असेल तर आणखी एक फेरी थांबा. वाढत असेल, सरकून एका जागी पक्कं बसलं असेल, ताप आला असेल किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर निघा. तीव्र दुखणं एकसारखं चार-पाच तास चाललं असेल तर बाकी काही खूण नसली तरी सकाळची वाट बघू नका.

सावधान: अनेक तास वाढत गेलेलं उजव्या बाजूचं दुखणं एकाएकी थांबलं आणि माणूस मात्र आजारीच दिसतोय, तर खूश होऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण जातो आणि काही काळ बरं वाटतं. मग पोटभर दुखणं आणि ताप येतो.

## टप्पा ५: निघायचं ठरलं तर

खाणंपिणं बंद करा. लगेच ऑपरेशन लागलं तर भूल देण्याआधी साधारणपणे घन अन्नाला सहा तास आणि साध्या पाण्याला दोन तास झालेले असावे लागतात. निघताना "काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून घास भरवणं म्हणजे ऑपरेशन लांबवणं. शेवटचं काय, किती वाजता खाल्लं-प्यायलं ते कागदावर लिहा. रोजच्या अत्यावश्यक औषधांबद्दल मात्र तिथे पोचल्यावर लगेच विचारा.

स्वतः गाडी चालवू नका. छातीचा दाब, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर घरच्या गाडीपेक्षा ॲम्ब्युलन्स बरी, तिच्यात वाटेतच उपचार सुरू करता येतात.

सोबत घ्या: तयारीतला कागद, टप्पा २ च्या नोंदी, जुने रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. उलटी किंवा शौचाचा रंग वेगळा असेल तर फोटो काढून ठेवा. किळस वाटली तरी चालेल, शंभर शब्दांपेक्षा तो कामाचा ठरतो. लोहाच्या गोळ्या किंवा बिस्मथ असलेलं औषध चालू असेल तर शौच काळी होते, ते आधीच सांगा.

डॉक्टरांना "ॲसिडिटी झालीय" असं तयार निदान देऊ नका. "रात्री एक वाजून दहा मिनिटांनी वरच्या पोटात सुरू झालं, तासाभरात पाठीत गेलं, दोन उलट्या झाल्या, अडीचला पॅरासिटामॉल घेतलं, फरक नाही" असं सांगा.

## टप्पा ६: रात्र निभली, आता सकाळ

दुखणं थांबलं की डॉक्टरांकडे जायचा उत्साहही थांबतो. पहिल्यांदाच आलेलं, सौम्य, काही तासांत पूर्ण गेलेलं आणि मागे काही न ठेवलेलं दुखणं असेल तर दिवसभर लक्ष ठेवून सोडून देता येईल. झोप मोडणारं असेल, महिन्यात दुसऱ्यांदा आलं असेल किंवा अजून ठसठसत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा.

न ठरवता कमी होणारं वजन, रक्तक्षय, गिळताना अडकणं, शौचात रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, घरात आतड्याच्या किंवा बीजकोशाच्या कर्करोगाचा इतिहास, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं: यांपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोगांत आठवडे घालवू नका. पन्नाशीपुढच्या स्त्रीचं पोट सतत फुगलेलं राहत असेल, थोड्याच खाण्याने भरत असेल, तर "वय झालं, वात आहे" म्हणून सोडून न देता बीजकोशाची तपासणी करून घ्यावी.

## टप्पा ७: पुन्हा पुन्हा होत असेल तर दोन आठवड्यांची वही

वही ठेवा म्हटलं की लोक पहिले तीन दिवस निबंध लिहितात आणि चौथ्या दिवशी सोडतात. रोज एक ओळ पुरे: जेवणाची वेळ, झोपायची वेळ, दुखणं किती वाजता आणि किती (० ते १०), जागा, झोप मोडली की नाही, शौच, औषध, पाळीचा दिवस. न दुखलेल्या रात्रीही लिहायच्या. त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार? दर पाळीच्या आसपास येणारं दुखणं, जेवणानंतर दोन-तीन तासांनी येणारं दुखणं आणि शौचानंतर सुटणारं दुखणं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि हा वेगळेपणा रिपोर्टपेक्षा वहीत आधी दिसतो.

पहिला आठवडा काहीच बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात एकच बदल करा. सगळ्यात आधी करण्याजोगा बदल म्हणजे जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. जळजळ असेल तर पुढचा बदल: पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा.

नेहमीची चूक: तपासणीआधीच पथ्य किंवा औषध सुरू करणं. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाचा त्रास असावा अशा शंकेने गहू बंद केला आणि मग सीलिॲकची (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी केली, तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर ओमेप्राझोल गटातली औषधं दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात डॉक्टरांना विचारूनच बंद करायची. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. नाश्ता करून गेलात तर पित्ताशय आकसलेलं असतं आणि खडा नजरेआड होऊ शकतो.

घरी करता येणारी एक तपासणी: दुखरी जागा नखाएवढी, नेहमी तीच आणि बोटाने दाखवता येणारी असेल तर उताणे झोपा, त्या जागी बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे उचला. पोटाचे स्नायू ताठल्यावर दुखणं वाढलं तर ते आतल्या अवयवाचं नसून पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा तिथे दबलेल्या मज्जातंतूचं असण्याची शक्यता वाढते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशी माणसं वर्षानुवर्षं एंडोस्कोप्या करत राहतात आणि दुखणं भिंतीत असतं.

## टप्पा ८: सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

"काही नाही, टेन्शन आहे" हे वाक्य ऐकून लोक चिडतात आणि डॉक्टर बदलतात. चिडणं रास्त आहे, दुखणं खरं असतं. आतड्यातून मेंदूकडे जाणारे नेहमीचे संदेशही वेदना म्हणून वाचले जाऊ लागतात आणि सोनोग्राफीत यातलं काहीच दिसत नाही. पण डॉक्टर बदलून त्याच तपासण्या नव्याने करत राहणं हा त्यावरचा उपाय नाही. एकाच डॉक्टरांकडे टिका आणि त्यांना तीन प्रश्न विचारा: कोणते आजार आता नाहीत असं धरायचं? कोणती शक्यता अजून उघडी आहे? काय बदललं तर पुन्हा तपासायचं? शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी झाली नसेल तर तिच्याबद्दलही विचारा. आतड्याला सूज आहे की नुसती संवेदनशीलता, हे वेगळं करायला ती मदत करते.

आयबीएसचं निदान झालं असेल तर उपचार आहेत. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलीन हे औषध रात्री अगदी कमी मात्रेत, १० ते ३० मिलिग्रॅम, दिल्यावर औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा (प्लॅसिबो) लक्षणं जास्त कमी झाली. ते मूळचं नैराश्याचं औषध म्हणून ओळखलं जातं, म्हणून चिठ्ठीवर ते दिसलं की "मला वेडा ठरवलं" असा समज होतो. इतक्या कमी मात्रेत ते वेदनेचे संदेश मंद करण्यासाठी दिलेलं असतं. तोंड कोरडं पडणं, सकाळी सुस्ती हे त्याचे त्रास. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू आणि बंद करायचं.

अशा रात्रींसाठी एक ठरलेला कार्यक्रम कागदावर लिहून पलंगाशेजारी ठेवा: धोक्याच्या खुणा एकदा बघायच्या, शेक, डावी कूस, मग दहा मिनिटं संथ श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट वरखाली होईल असा. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा आणि डोळे मिटायला लागले की परत आडवे व्हा. त्या वेळेत मोबाइलवर लक्षणं शोधायची नाहीत. रात्री तीनला सगळ्यांना कर्करोगच सापडतो.

दर वेळी तीच जागा, तीच चाल आणि तोच कालावधी असेल तर हा कार्यक्रम पुरेसा आहे. जागा बदलली, कळेची तऱ्हा बदलली, नेहमीच्या दीड तासाऐवजी चार तास झाले किंवा पहिल्यांदाच ताप आला, तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा आणि टप्पा १ पासून नव्याने सुरुवात करा.